माशांची जुनी टाकी आणलीस, आता घाई नको

टाकी स्वस्तात पडली, झकास. पण मासे आणायला लगेच पळू नकोस. काचेवरचा पांढरा थर म्हणजे बोअरच्या पाण्यातले क्षार; सांगलीत नळाच्या तोट्यांवरही हाच बसतो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास चिकटवून ठेव, मग जुन्या एटीएम कार्डाने खरवड. साबण, पावडर अजिबात नको.

मग सपाट जागी, खाली थर्माकोल घालून पाण्याने भर. दोन दिवस कोपऱ्यांवरून कोरडा कागद फिरवत राहा. ओला झाला तर टाकी गळतेय; आतला जुना सिलिकॉन, म्हणजे काचा जोडणारा रबरासारखा चिकट थर, पूर्ण काढून नवा लाव. वरून लिंपलेलं टिकत नाही. नवा आणताना बुरशीरोधक घेऊ नकोस, माशांना घातक.

मग मासे नसतानाच फिल्टर लावून रोज चिमूटभर खाद्य टाक. ते कुजून होणारे अमोनिया, नायट्राइट माशांना विषारी; फिल्टरमध्ये जिवाणू वाढून ते शून्यावर यायला साधारण ४ ते ६ आठवडे जातात. दुकानदार 'उद्याच सोडा' म्हणेल. त्याला माल खपवायचाय. पहिले मासे गप्पी किंवा मोली, असं क्षारांचं जड पाणी त्यांना मानवतं.