देवाची आज्ञा आणि आईबापांची हजेरी

प्रश्न : आम्ही मूळचे सोलापूरचे. गेली बरीच वर्षे कॅनडात, टोरोंटोजवळ राहतो. थोरली मुलगी विद्यापीठात शिकते व तिथल्याच वसतिगृहात राहते. ती संडे स्कूलमध्ये वाढली, तिचे दृढीकरण (स्वतःहून विश्वास कबूल करण्याचा चर्चमधील विधी) झाले, नाताळात ती गायनमंडळात गात असे. आता मात्र ती आमच्या मराठी उपासनेला येत नाही. विचारले तर म्हणते, “तुमचा देव फक्त ‘नको’ म्हणतो, मला मोकळे राहायचे आहे.” तिच्या फोनचे लोकेशन आम्हाला दिसते, त्यामुळे ती रात्री कुठे असते ते कळते आणि त्यावरूनच घरात भांडणे होतात. माझ्या पतींची बहुतेक रविवारी शिफ्ट असते, म्हणून तिला समजावण्याचे काम माझ्यावरच येते. देवाच्या आज्ञेत राहण्यातच खरे स्वातंत्र्य आहे, हे तिला कसे पटवून द्यावे?

उत्तर : प्रिय भगिनी, ख्रिस्तात सलाम.

आपल्या शेवटच्या वाक्यातील विश्वास मलाही मनापासून मान्य आहे. परंतु आपले पत्र पुन्हा वाचल्यावर असे वाटते की, आपल्या घरात देवाचे आज्ञापालन आणि आईबापांचे आज्ञापालन ही दोन्ही एकमेकांत मिसळून गेली आहेत, आणि मुलगी ज्याला नकार देते आहे ते पहिले आहे की दुसरे, हे तिला स्वतःलाही नीट उमगलेले नसावे. ती गुंतागुंत सोडवण्याचे काम प्रथम आपले आहे, कारण ती आपल्याकडून झाली आहे.

दहा आज्ञा आपल्या मुलांना तोंडपाठ असतात, पण त्यांच्या आधीचे वाक्य आपण फारसे शिकवत नाही. बायबलमधील ‘निर्गम’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात पहिली आज्ञा देण्यापूर्वी परमेश्वर आपली ओळख करून देतो : तुला मिसर (इजिप्त) देशातून, दास्यगृहातून बाहेर आणणारा तुझा देव तो मीच. म्हणजे सुटका आधी झाली आणि आज्ञा नंतर आल्या. इस्राएल लोकांनी आज्ञा पाळल्या म्हणून देवाने त्यांना सोडवले, असे शास्त्र कुठेही सांगत नाही. ज्यांना फारोच्या विटा पाडण्यापलीकडे दुसरे जगणे ठाऊक नव्हते, त्या लोकांनी सुटल्यावर पुन्हा कोणाचे, अथवा आपल्याच वासनांचे, गुलाम होऊ नये म्हणून त्यांना आज्ञा मिळाल्या. हा क्रम उलटा झाला की धर्माचे ओझे होते. ‘अमुक कर, मग देव तुझा स्वीकार करील’ असे ऐकत वाढलेल्या मुलीला देव फक्त ‘नको’ म्हणतो असे वाटले, तर त्यात तिचा दोष फार थोडा आहे.

प्रभू येशूचे शब्दही असेच आहेत. ‘सत्य तुम्हाला बंधमुक्त करील’ हे वचन आपण भिंतीवर लावतो, पण योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात त्याआधी एक अट आहे : ‘तुम्ही माझ्या वचनात राहिलात तर.’ ते ऐकून लोक रागावतात आणि म्हणतात, आम्ही कधीच कोणाचे दास नव्हतो. त्यावर येशू सांगतो की जो पाप करतो तो पापाचा दास आहे. पौलाने रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात हेच अधिक कठोरपणे मांडले आहे : मनुष्य कोणाचा तरी दास असतोच, प्रश्न एवढाच की धनी कोण. आपल्या मुलीला हे खोटे वाटणार नाही. परीक्षेच्या गुणांची, मैत्रिणींच्या मताची, फोनवर येणाऱ्या प्रत्येक सूचनेची सत्ता आपल्यावर किती चालते, हे विशीतल्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. ते त्यांच्याकडून ऐकून घेणारे कोणी नसते, इतकेच.

आता फोनच्या लोकेशनविषयी, आणि येथे मी थोडे सविस्तर लिहिणार आहे.

आपण सोलापूरच्या आहात, तेव्हा सेटलमेंटचा भाग आपल्याला सांगायला नको. इंग्रज सरकारने 1871 साली केलेल्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि पुढे आपल्या शहरात त्या जमातींच्या कुटुंबांना तारेच्या कुंपणात वसवले. त्यांना ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, परवानगीशिवाय बाहेर जाता येत नसे. 31 ऑगस्ट 1952 रोजी त्यांची त्या कायद्यातून सुटका झाली आणि आजही भटके-विमुक्त समाज तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतो. त्या लोकांवर झालेल्या अन्यायाची बरोबरी आपल्या घरातल्या भांडणाशी करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु एक गोष्ट आपल्या शहराच्या इतिहासातून शिकण्यासारखी आहे : हजेरीने माणूस जागेवर राहतो, त्याचे मन मात्र बदलत नाही. रात्री अकरा वाजता नकाशावरचा निळा ठिपका पाहून आपल्याला जी निश्चिंती किंवा जी धास्ती वाटते, तिचा मुलीच्या देवाशी असलेल्या नात्याशी काहीही संबंध नाही. उलट आपण जेव्हा तो ठिपका आणि दुसऱ्या दिवशीचे शास्त्रवचन एकाच फोनवरून हाताळतो, तेव्हा देव हाही आपल्यावर पाळत ठेवणारा कोणी आहे, अशी तिची समजूत पक्की होते.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की, ते लोकेशन बंद करावे, आणि गुपचूप नव्हे तर तिला सांगून करावे. तिच्या सुरक्षिततेची काळजी रास्त आहे; प्रवासात असताना किंवा उशीर होणार असेल तेव्हा एक संदेश पाठव, अशी विनंती आपण करू शकता, आणि ही विनंती ती बहुधा मान्य करील. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात मुलांना आज्ञापालन सांगितले आहे हे खरे, परंतु तिथेच बापांनाही आज्ञा आहे की त्यांनी मुलांना चिरडीस आणू नये. आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, पहिल्या वचनावर जितके उपदेश होतात तितके दुसऱ्यावर होत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे.

मराठी उपासनेचा प्रश्न निराळा आहे. परक्या देशात आपल्या भाषेतली गीते कानावर पडली की कसे भरून येते, हे मी समजू शकते. परंतु मराठीत उपासना करणे ही देवाची आज्ञा नव्हे, ती आपली ओढ आहे. पंडिता रमाबाईंचे उदाहरण मला येथे फार मोलाचे वाटते. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लगेचच त्यांच्या हितचिंतक धर्मभगिनींशी त्यांचे मतभेद सुरू झाले. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आम्हाला संस्कृत चालेल, असा त्यांचा आग्रह होता. आणि एका पुरोहितवर्गाचे जू झुगारून आल्यावर दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी स्पष्ट कळवले. त्या काळी त्यांना हट्टी, गर्विष्ठ म्हटले गेले. परंतु माणसांपुढे न झुकणारी हीच बाई देवापुढे इतकी नम्र होती की, दुष्काळात उपाशी मरणाऱ्या मुलींना आणण्यासाठी ती मध्य प्रांतात गेली, त्या मुलींसाठी तिने केडगावला मुक्तीसदन उभारले आणि अखेरच्या आजारापर्यंत मराठी बायबलच्या भाषांतरावर ती काम करीत राहिली. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडनंतर केडगाव स्टेशन लागते, तिथे आपण मुलीला एकदा अवश्य उतरवावे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, म्हणजे 1891 च्या सुमारास, आपल्याला ख्रिस्ती धर्म नव्हे तर स्वतः ख्रिस्त सापडला, असे रमाबाईंनी लिहून ठेवले आहे. दृढीकरण झालेल्या मुलीला तेवढा अवकाश द्यायला आपली हरकत का असावी? ती विद्यापीठातल्या इंग्रजी प्रार्थनासभेला जायला तयार असेल तर आनंदाने जाऊ द्यावे. तूर्त कुठेच जायला तयार नसेल, तर तिच्यासाठी प्रार्थना करावी आणि तिने विचारल्याशिवाय त्या प्रार्थनेचा उल्लेख करू नये.

आपल्या पतींच्या रविवारच्या शिफ्टचा उल्लेख आपण ओझरता केला आहे, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटला. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आज्ञेचे कारण दिले आहे : तू मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव. तुझा दास आणि तुझी दासी यांनाही तुझ्याप्रमाणे विसावा मिळावा, असेही तिथे म्हटले आहे. विश्रांती ही सुटलेल्या माणसाची खूण आहे; दासाला सुट्टी नसते. रुग्णसेवेसारखे काम असेल आणि कोणीतरी रविवारी हजर असणे भागच असेल, तर ते कामही देवाची सेवाच आहे आणि विसाव्याचा दिवस आठवड्यात दुसरा ठरवता येईल. पण मोठ्या घराच्या हप्त्यांसाठी जादा पैशांची शिफ्ट मागून घेतली जात असेल, तर मुलगी ते पाहते आहे. आईबाबा रविवारी मला देवाची आज्ञा सांगतात आणि स्वतः बँकेची पाळतात, असे ती उघड म्हणाली नसेल, तरी तिला ते दिसत नसेल असे समजू नये. आपण दोघांनी बसून हिशेब मांडावा, महिन्यातले निदान दोन रविवार मोकळे करता येतात का ते पाहावे, आणि त्या दिवशी जेवणाचे टेबल, थोडे शास्त्रवाचन व निवांतपणा यांपलीकडे काही योजू नये. मुलगी आली तर तिचे स्वागत करावे. ती आली नाही तरी तो दिवस आपला आहे. आज्ञापालनातले स्वातंत्र्य तिला पटवण्याचा याहून सरळ मार्ग मला माहीत नाही, कारण ज्या घरात आईबापांना विसावा मिळालेला दिसतो, त्या घरात या विषयावर वाद घालण्याची गरज कमी पडते.

तिला काय सांगावे, असेही आपण विचारता. प्रभूनेही अटकेच्या आदल्या घटकेला गेथशेमाने बागेत ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे शब्द सहज उच्चारले नव्हते. लूक लिहितो की त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा भूमीवर पडत होता. आज्ञापालन आपल्यालाही कुठे जड गेले, त्यासाठी एखादे काम नाकारावे लागले का, कोणाला क्षमा करायला किती वर्षे लागली, हे आपण तिला खरेखरे सांगावे. उपदेश म्हणून नव्हे, केवळ आपल्या आयुष्याची हकिकत म्हणून.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. आपण नाताळला सोलापूरला येणार असाल, तर येण्यापूर्वीच घरच्या वडीलधाऱ्यांशी आणि पाळकसाहेबांशी फोनवर बोलून ठेवावे. मंडळीत पाऊल ठेवताच “काय गं, तिकडे चर्चला जातेस ना?” असा प्रश्न चारचौघांत तिला कोणी विचारू नये, आणि तरी कोणी विचारलाच, तर तिच्या वतीने आपण उत्तर देऊ नये.