निळ्या गुलाबाचं बी ऑनलाइन मागवावं का? खोटे बियाणेविक्रेते ओळखायचे कसे?

तुम्ही जाहिरातीचं वर्णन छान केलंय: निळाशार गुलाब, ‘२०० बिया, ९० टक्के सूट, फक्त आज’, साडेचार स्टार आणि हजारभर रिव्ह्यू. एवढे लोक खोटं बोलतील का, असं विचारलंय. त्याकडे येतेच, पण आधी सरळ उत्तर: मागवू नका. त्या पाकिटातून निळा गुलाब निघणार नाही, कारण असा गुलाब अजून कुणाच्याच बागेत नाही.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने ऑस्ट्रेलियातल्या फ्लोरिजीनला हाताशी धरून वर्षानुवर्षं खटपट केली. निळसर रंगद्रव्य तयार करणारा जीन गुलाबाकडे नसतो, तो त्यांनी पॅन्सीच्या फुलातून आणून घातला. २००४ मध्ये फूल जगाला दाखवलं, २००९ मध्ये जपानात विकायला काढलं. एवढं करून रंग आला तो फिकट जांभळा! आणि विकली ती फुलं, बी नव्हे. मुळात बागेतल्या गुलाबाची जात बियांतून जशीच्या तशी उतरत नाही. म्हणून तर गुलाब फांदी लावून नाहीतर डोळा भरून वाढवतात. रंगाची हमी देऊन गुलाबाचं बी विकणारा एकतर अडाणी असतो किंवा लबाड. ९० टक्के सूट देणारा सहसा अडाणी नसतो.

हे शहाणपण मी पैसे मोजून घेतलंय. काही वर्षांपूर्वी ‘सप्तरंगी गुलाब’ मागवला. पाकीट आलं, त्यावर काहीही छापलेलं नव्हतं, आत चिमूटभर बी. पांढऱ्या कागदावर ओतलं तर काळे, चकचकीत, जेमतेम मिलिमीटरभर रुंदीचे दाणे कागदभर पळाले. गुलाबाचं बी मी तोवर कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे शंका आली नाही. (ते फिकट तपकिरी, ओबडधोबड, कोनेदार असतं, त्या दाण्यांपेक्षा कितीतरी मोठं.) पेरलं आणि चौथ्या दिवशी कुंडी हिरवी झाली. मी खूश. गुलाबाच्या बीला उगवायच्या आधी सहसा काही आठवडे ओलसर थंडीत काढावे लागतात, हे नंतर कळलं. महिन्याभरात पानं ओळखीची वाटायला लागली. माठाची होती.

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर अत्यंत गोड: ‘प्रिय ग्राहक, कृपया धीर धरा, ९० दिवसांत फुलं येतील.’ धरला धीर. पुन्हा लिहिलं तेव्हा तक्रारीची मुदत उलटून गेलेली होती. मग २० टक्के परत देऊ म्हणाला, फक्त आधी पाच स्टार द्या.

बियाण्यांच्या फसवणुकीचं सगळं इंगित यातच आहे. फाटका सदरा आला तर पाकीट फोडल्याफोडल्या दिसतो. बी मात्र तोंड उघडत नाही. ते खोटं आहे हे कळायला महिने लागतात, आणि तेवढ्यात विक्रेता दुकानाचं नाव बदलून मोकळा होतो. पुढे जे सांगतेय ते सगळं या वेळेच्या फटीबद्दलच आहे.

आता तुमचे हजार रिव्ह्यू. ते सगळे खोटे असतीलच असं नाही. त्यात लिहिलेलं काय असतं ते नीट वाचा: ‘पार्सल लवकर आलं’, ‘पॅकिंग मस्त’, ‘अजून पेरलं नाही, पण छान वाटतंय’. लोकांनी स्टार दिलेत ते पाकिटाला. फूल बघून दिलेला रिव्ह्यू खरेदीनंतर चार-सहा महिन्यांनीच येऊ शकतो, म्हणून खरेदीनंतर उशिरा लिहिलेले आणि कमीत कमी स्टारचे रिव्ह्यू आधी उघडा. खरी हकिकत तिथे सापडते. आणि खरेदीनंतर दहाव्या दिवशी कुणी टपोऱ्या फुलाचा फोटो टाकला असेल तर तो माणूस कुणाचा, हे वेगळं सांगायला नको.

फोटोकडेही जरा संशयाने बघा. रंग बदललेल्या फोटोत बहुतेक वेळा फुलाबरोबर दुसरं काहीतरी निळं झालेलं असतं: पानाची कड, देठ, कधी धरणाऱ्याची नखं. फोटो इमेज सर्चमध्ये टाकला की तोच गुलाब दुसऱ्या दुकानात हिरवा, तिसऱ्यात काळा होऊन बसलेला दिसतो. हल्ली एआयने केलेल्या चित्रांनी कटकट वाढवलीय, कारण मूळ फोटोच नसतो, मग सर्चमध्ये सापडणार काय? तिथे उलट बाजूने जावं लागतं. विक्रेत्याने वनस्पतीचं शास्त्रीय नाव दिलंय का ते बघा आणि एखाद्या वनस्पती उद्यानाच्या संकेतस्थळावर ते शोधा. नावच नसेल, नुसतं ‘मांजरडोळा जादुई फूल’ असं काहीतरी असेल, तर पुढे जायची गरज नाही.

माकडाच्या तोंडाचं ऑर्किड मात्र खरं आहे, बरं का. ड्रॅक्युला सिमिया. ते इक्वेडोरच्या ढगाळ डोंगराळ जंगलात उगवतं. आणि त्याच्या नावाने तर फसवणुकीचा बाजार फार मोठा. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, त्यात रोपासाठी शिदोरी जवळपास नसतेच. निसर्गात एखाद्या बुरशीची सोबत मिळाली तर ते रुजतं, नाहीतर प्रयोगशाळेत निर्जंतुक बाटलीत रुजवावं लागतं. तेव्हा ‘१०० बिया, कुंडीत पेरा’ म्हणत कुणी ऑर्किड विकत असेल आणि ते दाणे बोटाने मोजता येत असतील, तर ते दुसऱ्याच कशाचं तरी बी आहे.

चांगला विक्रेता कसा असतो? कंटाळवाणा. त्याच्या पाकिटावर जातीचं नाव, लॉट नंबर, पॅकिंगची किंवा चाचणीची तारीख, उगवणक्षमतेचा टक्का असतो, आणि तो टक्का शंभर नसतो. बी संकरित आहे की नाही ते सांगतो. यंदा अमुक जात संपली म्हणतो. त्याच्याकडे मिरची आणि झेंडूसुद्धा असतात, नुसती इंद्रधनुषी नवलं नसतात. मी खरेदीआधी एक साधा प्रश्न पाठवते: ‘हे बी कोणत्या वर्षीचं?’ शेतीतला माणूस साल सांगतो. बाकीचे ‘उत्तम दर्जा, प्रिय ग्राहक’ म्हणतात. साल महत्त्वाचं असतं, कारण जुनं बी नवं म्हणून खपवणं ही सौम्य पण सर्रास चालणारी लबाडी आहे. कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांत मान टाकतं, टोमॅटोचं नीट ठेवलं तर चार वर्षंही टिकतं.

तुम्ही शेवटी जाताजाता गांजाच्या बियांचं विचारलंय, मित्रासाठी. असू दे. जिथे पेरणं गुन्हा आहे तिथे माझं उत्तर एका शब्दाचं: नको. कायद्याचा मुद्दा बाजूला ठेवला तरी फसवणाऱ्याला याहून सोयीचं गिऱ्हाईक दुसरं नाही, कारण ते पोलिसात जाणार नाही. पैसे घेऊन पार्सल पाठवतच नाहीत. वर आठवड्याने निरोप येतो, ‘तुमचं पार्सल कस्टम्सने पकडलंय, सोडवायला एवढे भरा’. हा निरोप त्याच टोळीचा असतो. भरलेत की दुसरा दंड निघतो. ज्या देशांत घरी ठराविक झाडं लावायला परवानगी आहे, उदाहरणार्थ एप्रिल २०२४ पासून जर्मनीत प्रौढ माणसाला तीन, तिथेही ‘फेमिनाइज्ड’ (फक्त मादी झाडं देणारं) म्हणून साधं बी गळ्यात मारतात. या झाडात नर-मादी वेगळे असतात, आणि बीकडे बघून ते कळत नाही. बियांच्या आकारावरून मादी ओळखायचे जे तक्ते फिरतात ते थोतांड आहेत.

पैसे कसे मागतात यावरूनही दुकान कळतं. कार्ड असेल आणि माल आलाच नाही, किंवा भलताच आला, तर बँकेकडे दाद मागता येते, मात्र त्यालाही मुदत असते, अनेक कार्डांवर साधारण १२० दिवसांची. क्रिप्टो, गिफ्ट कार्ड किंवा कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात थेट पैसे पाठवले की ते गेलेच समजा. ट्रॅकिंगवर ‘पोचलं’ दिसतंय आणि घरी काही नाही, असंही करतात: तुमच्याच गावात भलत्याच पत्त्यावर रिकामं पाकीट टाकतात आणि तो नंबर तुम्हाला देतात. अशा वेळी कुरिअरकडून पत्ता आणि वजन लेखी मागा.

आणि दुसऱ्या देशातून बी येणार असेल तर फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटचं विचारा. रोग-कीड नाही असा तो सरकारी दाखला. युरोपीय संघाने डिसेंबर २०१९ पासून बाहेरून येणाऱ्या पेरणीच्या बियांना तो बंधनकारक केलाय. पाकिटावर ‘दागिने’ किंवा ‘खेळणी’ लिहून पाठवणारा विक्रेता तुमच्या बागेत काय सोडतोय ते त्यालाही ठाऊक नसतं. २०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेत हजारो घरी चीनहून अशी निनावी पाकिटं आली, सगळ्या राज्यांनी ती पेरू नका म्हणून इशारे दिले, तपासात मोहरी, कोबी, पुदिना, जास्वंद असलं साधंच निघालं. खोट्या रिव्ह्यूंसाठी कुणीतरी ती पाठवत असावं, असा सरकारी अंदाज होता. पुढे एका पत्रकाराने खणून काढलं तेव्हा कळलं की बऱ्याच जणांनी टाळेबंदीत ते बी स्वतःच मागवलं होतं आणि साफ विसरले होते! मला हसू आलं, पण माझाही सप्तरंगी गुलाब दीड महिन्याने आला होता, आणि पाकीट हातात आलं तेव्हा हे काय, असं मीच विचारलं होतं. म्हणून हल्ली ऑर्डर देतानाच तक्रारीची शेवटची तारीख फोनमध्ये टाकते.

पाकीट आलं की फोडतानाचा व्हिडिओ काढा. दहा-वीस बिया ओल्या टिश्यूच्या घडीत ठेवून, झिपच्या पिशवीत घालून उबदार जागी ठेवा, वर तारीख लिहा. वीसपैकी दोघींनाच मोड आले तर फोटोसकट तेव्हाच तक्रार करा, फुलांची वाट बघू नका. ही चाचणी जात सांगत नाही, जिवंत की मेलेलं एवढंच सांगते. जातीसाठी त्या बीचा फोटो शोधून शेजारी ठेवून बघा. मी तेवढं केलं असतं तर माठ पहिल्याच दिवशी ओळखला असता.

तुमची ऑर्डर गेली असेल आणि रद्द होत असेल तर आजच करा. गुलाब हवाच असेल तर रोपवाटिकेत जाऊन कलम घ्या. निळं नाही, पण फिकट जांभळ्या छटेचं मिळेल, आणि ते झाडावर फुललेलं बघूनच पैसे द्यायचे असतात.