'कार्डिगन': गावाचं, माणसाचं की लोकरीचं?

प्रश्न असा आला आहे: पुढून बटणं असलेल्या स्वेटरला 'कार्डिगन' का म्हणतात? कोणी म्हणतं गावावरून, कोणी म्हणतं लॉर्डवरून. आणि 'तो कार्डिगन' की 'ते कार्डिगन'?

दोघांचंही बरोबर आहे. कार्डिगन हे वेल्समधलं गाव. तिथल्या जुन्या 'केरेडिगिऑन' या प्रदेशनामाचं इंग्रजांच्या तोंडी झालेलं हे रूप. पैठणी जशी पैठणवरून आली, तसं हे सरळ गावावरून मात्र आलेलं नाही. मध्ये एक माणूस आहे: जेम्स ब्रूडनेल, सातवा अर्ल ऑफ कार्डिगन (१७९७-१८६८). त्याची हवेली होती नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये. कार्डिगन फक्त किताबापुरतं.

माणूस देखणा, गडगंज आणि महातापट. त्या काळी ब्रिटिश सैन्यात अधिकारपद विकत मिळायचं; यानेही पैसे मोजून पलटण मिळवली. ही पलटण कित्येक वर्षं हिंदुस्थानात होती, आणि तिथे राबलेल्या अधिकाऱ्यांना हा 'इंडियन' म्हणून हिणवायचा. १८४० साली मेसमधल्या जेवणात कॅप्टन रेनॉल्ड्सने पाहुण्यासाठी मोझेल वाइन मागवली. ती काळ्या बाटलीतच टेबलावर आली. अर्लना वाटलं, ही पोर्टर, म्हणजे हलक्या दर्जाची मानली जाणारी काळपट बिअर! झालं, रेनॉल्ड्सला अटक. बाटलीवरून इतका तमाशा, की पुढे अर्ल नाटकाला गेला तरी प्रेक्षक 'काळी बाटली!' म्हणून ओरडत.

त्याच वर्षी त्याने कॅप्टन टकेटला द्वंद्वात गोळी घातली. टकेट जखमी झाला, वाचला. उमरावांच्या सभेत खटला चालला आणि सुटका कशावर व्हावी? जखमी टकेट म्हणजेच आरोपपत्रातला लांबलचक नावाचा टकेट, हे फिर्यादी पक्षाला शाबीत करता आलं नाही!

मग क्रिमियाचं युद्ध. सैनिक तंबूत कुडकुडत असताना हा बालाक्लाव्हा बंदरात स्वतःच्या यॉटवर झोपायचा. पण २५ ऑक्टोबर १८५४ रोजी चुकीच्या समजुतीने आलेल्या हुकमावर सुमारे ६७० घोडेस्वार रशियन तोफांवर धावून गेले, तेव्हा सगळ्यात पुढे हाच होता. तोफांपर्यंत पोचला आणि बाकीच्यांचं काय झालं ते न पाहता मागे फिरला, हेही खरं. मायदेशी आधी जयजयकार झाला, वादावादी नंतर.

त्याच्या अंगातलं लोकरी विणलेलं जाकीट या प्रसिद्धीत लोकप्रिय झालं आणि त्याचं नाव घेऊन बसलं. अंगरख्याची शेपटी शेकोटीत जळाली म्हणून ते सुचलं, ही कथा मी तरी दंतकथेच्या कप्प्यात ठेवतो.

त्या युद्धाने शिंप्यांना बरंच दिलं. बाही खांद्याच्या शिवणीऐवजी गळ्यापासून तिरकी निघाली की 'रॅग्लन', ती सेनापती लॉर्ड रॅग्लनची. आपल्या माकडटोपीला इंग्रजीत 'बालाक्लाव्हा' म्हणतात, ते त्याच बंदरावरून.

राहिलं लिंग. दोन्ही कानावर येतं. 'स्वेटर' पुल्लिंगी वापरणारे 'तो कार्डिगन' म्हणतात, 'जाकीट' मनात असणारे 'ते'. आमच्या घरी 'आजीचं कार्डिगन' आहे. कोपरावर विरलेलं, दुसरं बटण वेगळ्याच रंगाचं. ते 'आजीचा' झालेलं तिला चालणार नाही.