ऑस्करच्या लायब्ररीने पटकथा मागवली म्हणजे तो सिनेमा पुरस्काराच्या जवळ पोचला का? आणि त्या लायब्ररीत कुणालाही जाता येतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. विषय संपला. पण हाच वाद मी घरात दहा वर्षं घालतेय, आणि तुम्ही नेमकं तेच विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

मी एकतीस वर्षं कॉलेजात ग्रंथपाल होते. २०१४ साली 'हॅपी न्यू इयर'ची पटकथा ऑस्करच्या लायब्ररीने मागवल्याची बातमी आली, त्याच सुमारास पुतणीचं केळवण होतं. पंगतीत आमच्या भाऊजींनी जाहीर केलं, "ऑस्करने मागवली! आता बोला." मी वाढता वाढता म्हटलं, "ऑस्करने नाही भाऊजी, ऑस्करच्या लायब्ररीने." तर म्हणे एकच की. मी म्हटलं, आमच्या लायब्ररीत 'तीस दिवसांत इंग्रजी' छापाची पुस्तकं आहेत, त्यांना कुणी साहित्य अकादमी दिली का? यावर ते जे बोलले ते मी विसरलेले नाही. "वहिनी, तुमचा जन्म शिक्के मारण्यात गेला, तुम्हाला सिनेमातलं काय कळणार?" सगळे हसले. आमचे हेसुद्धा.

२०१९ मध्ये मुलीकडे लॉस एंजेलिसला गेले, तेव्हा युनिव्हर्सल स्टुडिओ बाजूला ठेवून आधी ही लायब्ररी गाठली. नाव मार्गारेट हेरिक लायब्ररी, बेव्हर्ली हिल्समध्ये ला सिएनेगा रस्त्यावर. इमारत बाहेरून थेट चर्च, मनोरा वगैरे. प्रत्यक्षात ते १९२८ च्या सुमाराचं गावाचं पाणी शुद्ध करायचं केंद्र. पाडायला निघाले होते, ते ऑस्कर देणाऱ्या अकादमीने भाड्याने घेऊन १९९१ मध्ये लायब्ररी थाटली. पासपोर्ट दाखवला, पर्स लॉकरमध्ये ठेवली, पेन काढून घेऊन हातात पेन्सिल दिली. मला भरून आलं. आमच्याकडे दुर्मीळ पोथ्यांवर लोक बॉलपेनने सह्या करत.

कॅटलॉग चाळला. गाजलेल्या, पडलेल्या, कुणी नावही न ऐकलेल्या सिनेमांच्या पटकथा एका रांगेत. ग्रंथालय असंच असतं हो! संग्रह म्हणजे निवड समिती नव्हे. पटकथा मागवतात ती अभ्यासकांनी, विद्यार्थ्यांनी तिथे बसून वाचावी म्हणून. घरी नेता येत नाही. मतदान करतात ते अकादमीचे सभासद, त्याचा या कपाटांशी संबंध नाही. २००४ मध्ये 'श्वास' भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून गेला, ती खरी पायरी. मी काउंटरवरच्या मुलीला माझ्या इंग्रजीत विचारलं, इथे पटकथा असली म्हणजे ती चांगली असं तुम्ही मानता का? ती नुसती हसली. ते हसू मी ओळखते, वाचक "चांगलं पुस्तक द्या" म्हणाला की मीही तसंच हसायचे.

मग 'गांधी' सिनेमाची फाईल मागितली. का, ते सांगायला नको. कोल्हापूरच्या भानू अथैया, माहेरच्या राजोपाध्ये, त्यांना १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासोबत वेशभूषेचं ऑस्कर मिळालं. भारताचं पहिलं. कात्रणं चाळताना आठवलं, २०१२ मध्ये त्यांनी ती बाहुली जपून ठेवायला अकादमीलाच परत दिली होती. शांतिनिकेतनातून टागोरांचं नोबेल पदक चोरीला जातं, मग माझ्या ट्रॉफीचं काय, असा त्यांचा सवाल होता. आपल्याकडे वस्तू मिळवल्याचा सत्कार होतो, ती सांभाळणाऱ्याला शिक्के मारणारा म्हणतात.

आणि मार्गारेट हेरिक कोण, तर ग्रंथपाल! याकिमा नावाच्या गावात सार्वजनिक ग्रंथालय सांभाळणारी बाई. नवऱ्याबरोबर हॉलिवूडला आली, अकादमीच्या लायब्ररीत आधी बिनपगारी काम केलं, १९३६ मध्ये तिथली ग्रंथपाल झाली. १९४३ मध्ये अकादमीचा कारभार बघणारा नवरा सैन्यात गेला तेव्हा त्याची खुर्ची तिला हंगामी दिली, १९४५ मध्ये कायम, आणि १९७१ पर्यंत तिने अख्खी अकादमी चालवली. १९५३ मध्ये सोहळा पहिल्यांदा टीव्हीवर दिसला, तो करारही तिच्याच कारकिर्दीतला. पुतळा पाहून "हा अगदी माझ्या ऑस्करकाकासारखा दिसतो" असं तीच म्हणाली आणि नाव पडलं, अशी गोष्ट सांगतात. भाऊजींना मी हे ठासून सांगितलं आहे. (खरं म्हणजे या नावाचे दावेदार आणखीही आहेत, नटी बेटी डेव्हिससुद्धा. अकादमीने ते अधिकृतपणे स्वीकारलं १९३९ मध्ये. पण हे भाऊजींना सांगू नका.)

तुमचा दुसरा प्रश्न राहिलाच. हो, कुणालाही जाता येतं, पैसे लागत नाहीत, फोटोचं ओळखपत्र लागतं. हिचकॉकचे कागद, जुन्या सेन्सॉरचा पत्रव्यवहार असलं काही बघायचं तर आधी वेळ ठरवावी लागते. मी गेले ते करोनाच्या आधी, तेव्हा निघण्यापूर्वी वारवेळ त्यांच्या संकेतस्थळावर बघा. अमेरिकेला जमत नसेल तर पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहेच, १९६४ पासून, लॉ कॉलेज रस्त्यावर. तिथे किती पुणेकर फिरकतात, असो.

त्या दिवशी इमारतीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. भाऊजींचं उत्तर लगेच आलं: "छान. कुठलं चर्च?"