रुमाल सोडण्यापूर्वी यादी करावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपल्या गावच्या वाचनालयाला शंभराहून अधिक वर्षे झाली आहेत, कपाटात सभांची जुनी इतिवृत्ते, सभासद नोंदवह्या, हिशेबाची कीर्द आणि गावातील एका कुटुंबाने सांभाळायला दिलेले मोडी कागदांचे तीन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत, दर पावसाळ्यात त्यांना कसर आणि बुरशी लागते, आणि कार्यकारिणीतील काही जणांचे म्हणणे असे की सर्व स्कॅन करून घ्यावे व मूळ कागद काढून टाकावेत. हे योग्य आहे का, आणि नसेल तर सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे.

मी दापोली तालुक्यातील एका लहान वाचनालयात अकरा वर्षे चिटणीस होतो आणि त्या काळात हाच प्रश्न आमच्यापुढे होता. माझे स्पष्ट मत असे की मूळ कागद मुळीच काढून टाकू नयेत, आणि स्कॅनिंगही आज सुरू करू नये. पहिले काम यादी करण्याचे आहे. ते का, हे सविस्तर सांगतो, कारण या बाबतीत मी स्वतः एक चूक केली आहे व ती आजवर दुरुस्त करता आलेली नाही.

आमच्याकडेही दोन घराण्यांची दप्तरे, म्हणजे जुन्या कागदांचे संग्रह, एकाच लाकडी पेटाऱ्यात होती. मी उत्साहाने सर्व रुमाल सोडले, कागद टेबलावर पसरले आणि ज्यांवर शके वाचता आले ते शकानुसार, उरलेले आकारानुसार लावले. दिसायला ते फार व्यवस्थित झाले. पुढे मोडीचे एक जाणकार आले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला की कोणता कागद कोणत्या रुमालात होता. त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. कबुलायत म्हणजे जमीन कसण्याच्या अटी मान्य केल्याचा करार. खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या, घरातील कबुलायत आणि जमीन कसणाऱ्या कुळाच्या घरातील कबुलायत यांचा मजकूर सारखाच असू शकतो. पण ती कोणाच्या घरात जपली गेली यावरून तिचा अर्थ बदलतो. तो अर्थ कागदावर लिहिलेला नव्हता, तो गाठोड्याच्या रचनेत होता आणि मी ती रचना मोडली. अभिलेखांच्या शास्त्रात दोन गोष्टी पायाभूत मानतात : दप्तर कोणाकडून आले हे कधीही पुसू द्यायचे नाही, आणि ज्या क्रमाने ते ठेवलेले सापडले तो मूळ क्रम शक्यतो मोडायचा नाही. पुस्तके विषयवार लावणाऱ्या वाचनालयाच्या माणसाला हे सुरुवातीला पटत नाही, हे मला ठाऊक आहे. पुस्तक एकटे उभे राहू शकते, कागद मात्र शेजारच्या कागदांसह वाचावा लागतो.

तारखेनुसार लावण्यात आणखी एक धोका आहे. मोडी कागदांवर शक असतो, तसाच पुष्कळदा सुहूर सनही, म्हणजे मराठेशाहीत चालणारी आणखी एक कालगणना, असतो, आणि तो अंकांत नसून अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘इहिदे अशरीन मया अलफ’ म्हणजे एक, वीस, शंभर आणि हजार मिळून 1121. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे 1720-21. ज्याला हे वाचता येत नाही त्याने क्रम लावला तर तो चुकतोच, आणि चुकीचा क्रम हा विस्कळीत गठ्ठ्यापेक्षा अधिक घातक असतो, कारण पुढचा माणूस त्यावर विश्वास ठेवतो.

म्हणून एक जाड दोनशे पानी वही घ्यावी. रुमाल 1, त्यातील कागद 1, 2, 3 असे क्रमांक सापडले त्याच क्रमाने द्यावेत. क्रमांक मऊ पेन्सिलने, कागदाच्या मागील कोऱ्या कोपऱ्यात, अगदी हलक्या हाताने लिहावा. बॉलपेन, शिक्का किंवा चिकटपट्टी वापरू नये. वहीत प्रत्येकाची लांबी-रुंदी, पानांची संख्या, अवस्था, वरची एखादी वाचता येणारी ओळ आणि तो कोणी, केव्हा, कोणत्या अटीवर दिला, एवढे लिहिले तरी पुरे. मोडी येत नसेल तर ‘मोडी, एक पान, खाली शिक्का’ एवढीच नोंदही उपयोगी असते. या तीन रुमालांच्या बाबतीत त्या कुटुंबाशी लेखी बोलणे करून ठेवावे, कारण ‘सांभाळायला दिले’ आणि ‘दान दिले’ यांत फरक आहे. देणारी पिढी जाते आणि पुढच्या पिढीत त्यावरून कटुता येते.

आता हवेकडे वळतो. कोकणपट्टीत वर्षाकाठी अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांच्या वर फार काळ राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जुलैमध्ये ती याहून पुष्कळ वर असते. मोठ्या अभिलेखागारांतील 50 टक्के आर्द्रतेचे मानक गावच्या वाचनालयाला पेलणारे नाही, त्यामुळे त्यामागे लागून निराश होऊ नये. साधा आर्द्रतामापक घ्यावा, तो कपाटाच्या आत ठेवावा आणि रोजचा आकडा लिहावा. कोणते कपाट अधिक वाईट आहे हे महिनाभरात कळते. आमच्याकडे ते जांभ्याच्या भिंतीला टेकवलेले कपाट निघाले. चिरा पाणी ओढतो, ती ओल कपाटाच्या पाठीत उतरते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढल्यावर आणि सर्वांत खालचा कप्पा रिकामा ठेवल्यावर जो फरक पडला, तो कोणत्याही औषधाने पडला नव्हता.

जुन्या घरांत दप्तर माळ्यावर, चुलीच्या वरच्या अंगाला ठेवलेले असे. तेथे ऊब असे, धुरामुळे कीड कमी येई. धुराने कागद काळवंडतो हे खरे, पण चूल जाऊन गॅस आला तेव्हा माळ्याची ऊबही गेली आणि पेटारे मात्र तेथेच राहिले. अशा पेटाऱ्यांत अलीकडच्या काळात झालेले नुकसान आधीच्या कितीतरी वर्षांपेक्षा अधिक आहे, असे मी दोन-तीन घरांत पाहिले आहे. आपल्या गावात असे पेटारे असतील तर वाचनालयाने त्यांची विचारपूस जरूर करावी.

कागदांना मे महिन्यात वाळवणासारखे उन्हात घालण्याची पद्धत आहे, ती बंद करावी. कडक उन्हाने कागद ठिसूळ होतो आणि काही प्रकारची शाई उडते. डिसेंबर ते फेब्रुवारीत, हवा कोरडी असताना, सावलीत आणि वाऱ्यावर गठ्ठे उघडावेत, मऊ ब्रशने धूळ काढावी, कसर आणि वाळवीच्या खुणा पाहाव्यात. डांबराच्या गोळ्या कागदाला लागून ठेवू नयेत, आणि त्यांची वाफ बंद खोलीत बसणाऱ्या माणसालाही अपायकारक असते. ओला कडुलिंब तर कीड बोलावतो. बुरशी लागलेला कागद दिसला तर तो ताबडतोब इतरांपासून वेगळा करून, तोंडाला मास्क लावून, उघड्या जागी नेऊन आधी कोरडा करावा. ओली बुरशी पुसली की ती कागदात अधिक पसरते.

आपले रुमाल कोणत्या कापडाचे आहेत हे आपण लिहिलेले नाही. नवे कापड घ्यायचे तर न रंगवलेले मांजरपाट घ्यावे, आणि ते वापरण्यापूर्वी गरम पाण्यात दोनदा धुवावे, कारण नव्या कापडातील खळ हे कसरीचे खाद्य आहे. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नये, प्लास्टिकचे लॅमिनेशन तर कधीच करू नये. लॅमिनेशन केलेला कागद परत मोकळा करता येत नाही, आणि आत अडकलेली आम्लता व ओल त्याला आतल्या आत खाते. एका जुन्या सनदेचे असे झालेले मी पाहिले आहे. करणाऱ्यांचा हेतू जपण्याचाच होता. अगदी निकडीची दुरुस्ती असेल तर पातळ जपानी टिश्यू कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ वापरतात, पण ती शिकलेल्या हातानेच करावी.

आपल्या मोडी कागदांपेक्षा इतिवृत्तांची काळजी मला अधिक वाटते. हे ऐकून कार्यकारिणीला आश्चर्य वाटेल. बोरूने लिहिलेली जुनी शाई बहुधा काजळी आणि डिंकाची असते; ती उजेडाने उडत नाही, मात्र ओल्या बोटाने पुसली जाते. जुन्नर किंवा दौलताबादेकडचा हातकागद चिंध्यांच्या लगद्याचा असल्याने तो दोन-दोनशे वर्षे टिकलेला दिसतो. याउलट नंतरच्या काळातील वह्या बहुधा यंत्रावर बनलेल्या, आम्लयुक्त कागदाच्या असतात. त्या आपोआप पिवळ्या पडून कडेने तुटू लागतात, आणि त्यांतील काही शाया पाण्याचा थेंब पडला तरी विरघळतात. म्हणून यादी झाली की स्कॅनिंगची सुरुवात इतिवृत्तांपासून करावी. त्यांत आपल्या गावाचे असे पुष्कळ काही आहे जे दुसऱ्या कोणत्याही सरकारी कागदात मिळणार नाही : वाचनालयात कोणाला प्रवेश होता आणि कोणाला नव्हता, स्त्री सभासद प्रथम केव्हा आली, कोणते वर्तमानपत्र केव्हा बंद केले आणि का.

स्कॅनिंगला माझा विरोध नाही. मूळ कागद वारंवार हाताळावा लागू नये यासाठी ते हवेच. 300 ते 400 डीपीआय (इंचामागे ठिपके), मूळ प्रत चित्राचा दर्जा कायम राखणाऱ्या टिफ स्वरूपात, रोजच्या वापरासाठी पीडीएफ, आणि फाइलचे नाव वहीतील क्रमांकच, म्हणजे ‘रुमाल 2, कागद 17’ हे नावातच दिसले पाहिजे. ‘आयएमजी’ने सुरू होणाऱ्या चार हजार फाइली म्हणजे जपलेले दप्तर नव्हे, तो नव्याने केलेला पसारा आहे. तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक गावाबाहेर. खाऱ्या हवेत हार्ड डिस्क किती दिवस चालेल याचा भरवसा नसतो, म्हणून वर्षातून एकदा ती उघडून पाहण्याचे काम एका माणसाकडे नावानिशी द्यावे. मूळ कागद काढून टाकू नयेत याचे साधे कारण हे की कागदावरील शिक्का, घड्या, जलचिन्ह आणि शाईचा फरक यांवरून कागद खरा की बनावट हे ठरते, आणि वाद न्यायालयात गेला तर मूळ कागदच मागितला जातो.

गावाबाहेरील प्रतीविषयी थोडे अधिक सांगतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आले तेव्हा रायगडात आणि आमच्या बाजूला घरांची, शाळांची छपरे उडाली आणि त्यानंतरच्या पावसात आतील कागद भिजले. 22 जुलै 2021 रोजी चिपळुणात वाशिष्ठी नदीचे पाणी शिरले, तेव्हा लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तके पाण्यात गेली. आपले वाचनालय खाडीपासून जवळ असेल तर महत्त्वाचे दप्तर वरच्या मजल्यावर न्यावे आणि संकटात प्रथम कोणते गठ्ठे उचलायचे याची चिठ्ठी कपाटाच्या दारावर आतून लावून ठेवावी. भिजलेल्या कागदाला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्या वेळात सर्व वाळवणे शक्य नसेल तर ते प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून उणे 18 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवले की वेळ मिळतो; प्रत्येक बाजारपेठेत आइस्क्रीमवाल्याकडे तो असतो. फक्त ओळख आधीपासून हवी.

काय ठेवायचे आणि काय काढायचे, हाही प्रश्न येईल, कारण सर्वच ठेवणे शक्य नाही. सरकारी कार्यालयांत अभिलेखांचे अ, ब, क आणि ड असे वर्ग करतात. अ कायम, ब 30 वर्षे, क 10 वर्षे आणि ड 1 वर्ष. आपण त्याच धर्तीवर ठरवावे. संस्थेची घटना, नोंदणी दाखला, इतिवृत्ते, सभासदांच्या आणि पुस्तकांच्या दाखल नोंदवह्या, जागेचे कागद हे कायम. किराणा आणि वीजबिलांच्या पावत्या लेखापरीक्षण झाल्यावर, मुदतीनंतर, ठराव करून काढाव्यात. ठराव मात्र हवाच. कोणता गठ्ठा कधी, कोणाच्या सांगण्यावरून नष्ट झाला हे लिहिलेले नसले की पुढे संशय गावावर राहतो.

कागद पाहू द्यावेत की नाही, यावर आपल्याकडे मतभेद होतील. जमिनीचे आणि पालखीच्या मानपानाचे वाद जिवंत असतात, आणि कागद दाखवला की कोणीतरी दुखावणार ही भीती खोटी नाही. तरीही कुलूप हा उपाय नाही. 2023 मध्ये राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा शाळांची आणि तहसिलांची मोडी रजिस्टरे बाहेर काढावी लागली. आपल्या पूर्वजाची एक ओळ मिळावी म्हणून लोक दारोदार फिरत होते. आमचा नियम असा होता : मागणाऱ्याने वहीत नाव आणि कारण लिहून सही करावी, वाचनालयात बसूनच पाहावे, प्रत मिळेल पण मूळ बाहेर जाणार नाही, आणि हा नियम अध्यक्षांच्या घरच्यांनाही लागू राहील.

मदतीसाठी मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाला लिहावे. मोडीचे प्रशिक्षण वर्गही हे संचालनालय घेते. पुण्यात पेशवे दफ्तर, म्हणजे पेशवाईतील कागदांचा सरकारी संग्रह, आणि 1910 मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. जवळचा अनुभव हवा तर रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 चे आहे.

शेवटी एक गोष्ट, जी आपण विचारलेली नाही. आपल्या गावाचे निम्मे दप्तर बहुधा गावात नाही. देवळाच्या जीर्णोद्धाराचा, शाळेच्या इमारतीचा, रस्त्याचा पैसा चाकरमान्यांकडून आला असेल, आणि त्याच्या पावतीपुस्तकांसह ग्रामस्थ मंडळाची इतिवृत्ते मुंबईत, कोणा जुन्या चिटणिसाच्या चाळीतील खोलीत पलंगाखाली असतील. चाळी पुनर्विकासाला जात आहेत आणि सामान आवरताना अशा पिशव्या सर्वांत आधी रद्दीत जातात. येत्या गणपतीत मंडळी गावी येतील तेव्हा आपली वही घेऊन त्यांच्या घरी जावे आणि विचारावे. कागद तेव्हा मागू नयेत. कोणाकडे काय आहे एवढेच लिहून घ्यावे, आणि ते गावी आणण्याचे पाऊस संपल्यावर ठरवावे.