गिंबल की शोल्डर रिग? माझ्या मते आधी मोनोपॉड

तासगावहून तुम्ही विचारलंय: कॅनन २०० डी मार्क २ कॅमेरा, सोबतची १८-५५ आणि ५० एमएम १.८ एसटीएम अशा दोन लेन्स आहेत. लग्नं आणि जत्रेतल्या कुस्त्या शूट करता. तीस हजारांत गिंबल (मोटरांनी कॅमेरा स्थिर ठेवणारं हँडल) घेऊ की शोल्डर रिग (कॅमेरा खांद्यावर टेकवायचा सांगाडा)? मी साताऱ्यात हीच कामं करतो. माझं उत्तर, तूर्त दोन्ही नको. फ्लुइड हेडवाला मोनोपॉड घ्या, म्हणजे एकाच दांड्याचा स्टँड आणि वर कॅमेरा संथ वळवणारं हेड.

शोल्डर रिग आधी निकालात काढतो. ती स्थिर राहते वजनामुळे, आणि तुमची बॉडी (लेन्सशिवाय कॅमेरा) बॅटरीसकट साडेचारशे ग्रॅमची. एवढा हलका कॅमेरा रॉडवर पुढे लावला की मनगटाची थरथर जशीच्या तशी फुटेजमध्ये उतरते. मग मागे काउंटरवेट, पुढे मॉनिटर असं लटकवत बसा. किटसोबत फॉलो फोकस (लेन्सची फोकस रिंग फिरवायचं चाक) गळ्यात मारतात, तोही नको. एसटीएम (स्टेपिंग मोटरच्या) लेन्सची फोकस रिंग इलेक्ट्रॉनिक असते, टोकाला अडत नाही. केलेली खूण पुढच्या वेळी जुळेलच असं नाही. पैसे पाण्यात.

आता मोनोपॉड. मंगलाष्टका सुरू झाल्या की स्टेजवर मामा, करवल्या, भटजी आणि निम्मं गाव असतं. ट्रायपॉड मांडायला जागा मिळत नाही, मिळालीच तर कुणीतरी त्यात अडखळतं. मोनोपॉडला वीतभर जागा पुरते. अंतरपाट खाली येतो तो क्षण काही सेकंदांचा. तेव्हा कॅमेरा जागेवर राहून नवरीकडून नवऱ्याकडे नुसता वळला पाहिजे, आणि तेवढंच हे साधन नीट करतं. खालचे तीन छोटे पाय बघून तो एकटा उभा राहील असं मात्र समजू नका. हात काढायचा नाही.

कुस्तीला तर हाच. कुंडलसारख्या मैदानात कडेला मांडी घालून बसावं लागतं, उठलात की मागून ओरडा सुरू. नळ्या आत सारून मोनोपॉड मांडीत धरा, कॅमेरा बरोबर पैलवानांच्या पकडीच्या उंचीला येतो. गिंबल इथे मार खातो. हात वळेल तसं वळायच्या फॉलो मोडमध्ये तो मुद्दाम सावकाश वळतो, आणि धोबीपछाड त्याची वाट बघत नाही. बावधनच्या बगाडासारख्या गर्दीत चालता शॉट हवा असेल, तर मोनोपॉड अर्धा उघडून तोल सापडेल तिथे हलकेच धरा. खालच्या वजनामुळे कॅमेरा डोलत नाही.

वरात आणि नवरीची एन्ट्री या दोन ठिकाणी गिंबलच लागतो, हे मान्य. वजनाची काळजी नको. डीजेआयचा आरएस ३ मिनीसुद्धा दोन किलो पेलतो, तुमचा सरंजाम सातशे ग्रॅमच्या आत आहे. पण १८-५५ झूम करताना पुढे सरकते आणि तोल बिघडतो. १८ वर ठेवून, मोटर बंद असतानाच तोल साधा आणि मग झूमला हात लावू नका. गिंबल तीन दिशांचं फिरणं सावरतो, पावलागणिक होणारं वरखाली नाही. त्याला गुडघे किंचित वाकवून चालायची सवयच लागते. सीझनपुरता भाड्याने मिळतोय का ते आधी बघा.

४के विसरा. या बॉडीत ते बरंच क्रॉप होतं, म्हणजे कडा कापल्या जातात, आणि ड्युअल पिक्सेल फोकस (कॅननचा चपळ ऑटोफोकस) जातो. फुल एचडी, २५ फ्रेम्स, शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे कार्यालयातल्या ट्यूबही सहसा फडफडत नाहीत. उन्हात याच शटरवर चित्र जळतं, म्हणून व्हेरिएबल एनडी फिल्टर (फिरवून प्रकाश कमी-जास्त अडवणारी काच) हवाच. १८-५५ ला ५८ मिमी लागतो, ५० ला ४९, आणि पुढे गिंबलसाठी १०-१८ लेन्स घेतलीत (घ्याच) तर तिला ६७. एकच चांगला ६७ चा घ्या, बाकी लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणाऱ्या स्टेप-अप रिंगा लावून भागवा.

मोनोपॉड घ्यायला जाताना स्वतःचा कॅमेरा न्या. हेडचा ड्रॅग (वळताना जाणवणारा अडथळा) थोडा आवळून सावकाश पॅन करा, थांबा आणि हँडल सोडा. स्क्रीनवरची चौकट केसभर जरी मागे आली, तरी तो पीस परत ठेवून दुसरा मागा.