भागधारक, हितधारक आणि पणाला लागलेले

प्रश्न असा आला आहे: एका मोठ्या कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या अहवालात ‘भागधारकांशी सुसंवाद’ असे प्रकरण असून त्यात कर्मचारी, ग्राहक, पुरवठादार आणि कारखान्याजवळची वस्ती यांच्या बैठकांचा वृत्तान्त दिलेला आहे. मूळ इंग्रजी शब्द ‘स्टेकहोल्डर एंगेजमेंट’ (कंपनीच्या कारभारात ज्यांचे हित गुंतलेले आहे त्यांच्याशी संवाद) असा असेल, तर ‘भागधारक’ बरोबर की ‘हितधारक’, आणि ‘सुसंवाद’ चालेल काय?

‘भागधारक’ साफ चूक आहे, आणि ही चूक आता इतक्या अहवालांत, पत्रकांत आणि भाषणांत भेटते की ती चूक आहे हे सांगणाराच हटवादी ठरू लागला आहे. भाग म्हणजे शेअर आणि भागधारक म्हणजे शेअरहोल्डर, हा अर्थ मराठीत पक्का रुजलेला आहे. ज्याच्या विहिरीत कारखान्याचे सांडपाणी झिरपते त्याच्या नावावर कंपनीचा एकही भाग नसतो, आणि अशांचाही विचार व्हावा म्हणून तर वेगळ्या शब्दाची गरज पडली. 1963 साली स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या एका टिपणात ‘स्टेकहोल्डर’ हा शब्द व्यवस्थापनाच्या अर्थाने आला, तो ‘स्टॉकहोल्डर’वर, म्हणजे भागधारकावर, केलेली कोटी म्हणूनच, पुढे 1984 मध्ये व्यवस्थापनाचे अभ्यासक आर. एडवर्ड फ्रीमन यांनी त्याला सिद्धान्ताचे बळ दिले. दोन शब्दांत भेद दाखवण्यासाठी केलेली कोटी आपण अनुवादात एकाच शब्दात बुडवली, याला काय म्हणावे?

परंतु खरी गंमत त्याच्याही आधीची आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत ‘स्टेकहोल्डर’ म्हणजे पैज लावणाऱ्या दोघांची रक्कम निकाल लागेपर्यंत सांभाळणारा तिऱ्हाईत. त्याने कोणाच्याही बाजूला झुकता कामा नये, हीच त्याची पात्रता. आज ज्याचे हित गुंतलेले आहे त्याला ज्या नावाने ओळखतात, ते नाव मुळात ज्याचे काहीही गुंतलेले नाही त्याचे होते! या ‘स्टेक’चा संबंध जमिनीवर हक्क सांगण्यासाठी ठोकलेल्या खुंटीशी जोडून हा शब्दच वसाहतवादी ठरवणारे सल्लागार अलीकडे बरेच झाले आहेत. त्यांनी कालक्रम पाहिलेला नाही. पैजेवर लावलेली रक्कम हा अर्थ सोळाव्या शतकातला आहे, आणि खुंट्या ठोकून जमीन बळकावण्याचा वाक्प्रचार त्याच्या कितीतरी नंतरचा. जमिनीवर ज्यांचा पूर्वापार अधिकार आहे, अशा आदिवासी समूहांना नुसते ‘हित असलेले’ न म्हणता ‘हक्कधारक’ म्हणावे, हा त्यांचा आग्रह मात्र मला मान्य आहे. त्यासाठी खोट्या व्युत्पत्तीची गरज नव्हती.

‘स्टेक’ला आपल्याकडे अस्सल प्रतिशब्द आहे: पण. ‘पणाला लावणे’ हा प्रयोग आजही जिवंत आहे, आणि ज्या ‘पण्’ धातूपासून तो आला त्याच धातूपासून ‘पण्य’ म्हणजे विक्रीचा माल, ‘आपण’ म्हणजे दुकान आणि कंपन्यांचे लाडके ‘विपणन’ हे शब्द निघाले. जुगार आणि व्यापार यांची सोयरीक भाषेने फार पूर्वीच नोंदवून ठेवली आहे. सभापर्वातल्या द्यूताचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचावा. द्रौपदी तिला न विचारता पणाला लावली गेली, आणि युधिष्ठिर आधी स्वतःला हरला असेल तर त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता काय, हा तिचा प्रश्न होता. भीष्मांसकट त्या सभेला त्याचे उत्तर देता आले नाही. प्रकल्पाच्या आराखड्यात आपले गाव बुडिताखाली दाखवले आहे हे ज्याला बैठकीत पहिल्यांदा कळते, तो मनुष्य हाच प्रश्न विचारत असतो. म्हणून माझ्या मते पण लावणारा आणि पणाला लागलेला यांना एकाच नावाखाली बसवणे हा त्या इंग्रजी शब्दाचाच दोष आहे. भांडवल घालणारा स्वखुशीने डाव खेळतो. विहिरीच्या मालकाने डाव मांडलेलाच नसतो. मराठीने ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द घडवून हा भेद केव्हाच केला आहे.

‘हितधारक’ हा हिंदीतून आलेला शब्द पारिभाषिक कोशांचे पाठीराखे हिरिरीने पुढे करतात. परवाना धारण करता येतो, खाते धारण करता येते; हित कसे धारण करणार? ‘होल्डर’ दिसला की ‘धारक’ चिकटवण्याचा हा कारकुनी खाक्या आहे. ‘हित’ मात्र सुरेख शब्द आहे: ‘धा’ म्हणजे ठेवणे या धातूचे ते भूतकाळवाचक रूप, ‘दधातेर्हिः’ या पाणिनीच्या सूत्राने सिद्ध होणारे. हित म्हणजे मुळात ‘ठेवलेले’. पैजेवर ठेवलेली रक्कम आणि हित यांचे असे जुळावे, हा योगायोग मला अजूनही सुखावतो. म्हणून ‘हितसंबंधी’ हा शब्द मी पसंत करतो. त्याला ‘हितसंबंध गुंतलेले’ या प्रयोगाचा संशयी वास येतो अशी तक्रार होते. पुरवठादार आणि सल्लागार त्याच यादीत असताना तो वास यायलाच हवा.

राहिली ‘एंगेजमेंट’. तिच्यातला ‘गेज’ म्हणजे तारण, जामीन. ‘वेजर’ म्हणजे पैज आणि ‘मॉर्गेज’ म्हणजे गहाण हे त्याच कुळातले शब्द. तेव्हा एंगेज होणे म्हणजे मुळात स्वतःला तारण ठेवणे. आयएसओ 26000 या सामाजिक जबाबदारीविषयीच्या 2010 सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मानकातही संवादाचा उद्देश कंपनीच्या निर्णयांना माहितीचा आधार मिळावा असाच सांगितला आहे. म्हणजे संवादाचा निर्णयाशी संबंध हवा. ‘सुसंवादा’त तो बांधील भाग गळून पडतो आणि उरते ते चहापान. अमेरिकी नियोजन-अभ्यासक शेरी आर्नस्टाईन यांनी 1969 मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, तिच्यात नुसती माहिती देणे, मत विचारणे आणि समजूत काढणे या तीन पायऱ्या देखाव्यात मोडतात. आपल्या अहवालातल्या बैठकांत कोणी काय मागितले आणि त्यामुळे कोणता निर्णय बदलला याची नोंद असेल, तर प्रकरणाला ‘हितसंबंधीयांशी विचारविनिमय’ हे शीर्षक द्यावे. फक्त तारखा आणि उपस्थितांची संख्या असेल, तर ‘हितसंबंधीयांना दिलेली माहिती’ एवढेच लिहावे.